आत वीज, बाहेर गाणं

फोन टेबलावर नुसता पडलेला आहे. त्याला काही जोडलेलं नाही, स्क्रीनही बंद आहे. तरी त्याच्या तळाशी असलेल्या टाइप-सीच्या भोकात एक काम अखंड चालू असतं. तिथल्या दोन बारीक पिनांवर फोन आळीपाळीने दोन रूपं घेत असतो, क्षणभर वीज देणाऱ्याचं आणि क्षणभर वीज घेणाऱ्याचं. सेकंदाला साधारण १० ते २० वेळा ही अदलाबदल होते. पुढ्यात कोण येणार हे त्याला ठाऊक नसतं. चार्जर आला तर वीज घ्यायची, पेन ड्राइव्ह आला तर द्यायची. म्हणून तो दोन्हींची तयारी ठेवून वाट पाहत राहतो. यातलं आपल्याला काहीच दिसत नाही की ऐकू येत नाही.

या दडलेल्या कामाची जाणीव होते ती बहुतेकदा अडचणीच्या वेळी. रात्रीची कोकणकन्या पनवेल सोडून पुढे निघाली आहे, तुम्ही वरच्या बर्थवर आडवे झाला आहात, सिनेमा अर्धा राहिलाय आणि बॅटरी बारा टक्क्यांवर आली आहे. फोन बेताच्या किमतीचा आहे. त्याला जुना गोल जॅक नाही, पण वायरचे इअरफोन मात्र आवडते आहेत. इअरफोनच्या अ‍ॅडॉप्टरने फोनचं एकुलतं एक भोक अडवलं, तर चार्जर लावायचा कुठे? दुकानातून दोन तोंडांचा अ‍ॅडॉप्टर आणला, तर फोन चार्ज होतो पण आवाज येत नाही. कधी आवाज येतो, पण चार्जिंग होत नाही. आणि तोच अ‍ॅडॉप्टर समोरच्या प्रवाशाच्या फोनला लावला की दोन्ही कामं बिनतक्रार करतो. अ‍ॅडॉप्टर बिघडलेला नाही, फोनही बिघडलेला नाही. मग घोडं अडलं कुठे?

ते कळण्यासाठी आधी त्या भोकात डोकावू या. ते जेमतेम सव्वाआठ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच असतं. एवढ्या जागेत पूर्ण मांडणीत २४ संपर्क बसतात, १२ वर आणि १२ खाली, शेजारच्या दोघांत अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. त्यांतले चार जमिनीचे म्हणजे ग्राउंडचे, चार विजेचे, चार जुन्या पद्धतीच्या डेटाचे, आठ अतिवेगवान डेटाचे. उरलेल्या चारांतले दोन जोडकामांचे आणि दोन वाटाघाटीचे. स्वस्त फोनमध्ये ते आठ वेगवान संपर्क बहुधा वापरातच नसतात. वरची आणि खालची रांग अशी मांडली आहे की पिन उलटी घातली तरी सगळं जुळतं. आपण अंधारात चाचपडत ती खुपसतो आणि ती बसते, यामागे ही मांडणी आहे.

या भोकातून एकाच वेळी काय काय जायला हवंय, ते आकड्यांत मांडलं की माझी तरी मती गुंग होते. साधा चार्जर ५ व्होल्टवर २ अँपिअर देतो, म्हणजे १० वॅट. कानातल्या इअरफोनला खणखणीत आवाजासाठी लागते सुमारे एक मिलिवॅट. एका दिशेने आत येणारी ताकद दुसऱ्या दिशेने बाहेर जाणाऱ्या ताकदीच्या दहा हजार पट. दोघी एकमेकींपासून केसभर अंतरावरून जाणार, आणि तरी गाण्यातला तंबोऱ्याचा मंद झंकार जसाच्या तसा कानात उतरला पाहिजे.

जुन्या गोल जॅकला असला पेच कधी पडला नाही. त्याचं घराणं टेलिफोनचं. अमेरिकेत कनेटिकटमधल्या न्यू हेवन इथे १८७८ साली व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, आणि पुढे स्विचबोर्डावर एकाची लाइन दुसऱ्याला जोडायला दोरीला लावलेली पितळी खुंटी आली. पाव इंच जाडीची ती खुंटी आजही गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला लागते. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात खुंटी बारीक झाली, साडेतीन मिलिमीटरची. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि ती जगभरच्या खिशांत जाऊन बसली. तिच्यात बुद्धी म्हणून नाही. धातूचे तीन-चार पट्टे, प्रत्येकाला एक तार, तारेवर आवाजाचीच थरथर. फोनला चार्जिंगचं भोक वेगळं होतं, त्यामुळे दोघांचा संबंध येत नव्हता. आजही बेताच्या किमतीच्या कितीतरी फोनांत हा जॅक टिकून आहे. तुमच्या फोनला तो असेल तर हा सगळा पेच तुमच्यासाठी नाहीच.

२०१६ साली आयफोन ७ जॅकविना आला, त्याआधी काही महिने मोटो झेड आला होता. पाठोपाठ इतर महागडे फोन त्या वाटेने गेले आणि मग ती लाट खालच्या किमतीपर्यंत झिरपली. टाइप-सीचं प्रमाण जाहीर झालं होतं २०१४ च्या ऑगस्टमध्ये. आता त्या एका भोकाला सगळंच सांभाळायचं होतं.

आणि ज्या यूएसबीच्या पोटी ते जन्मलं, तिच्या मूळ रचनेतच एक ठाम समजूत होती. १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या गटात अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठातून निघालेला माणूस आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात पोचला आहे, हे मला फार सुखावतं. त्या काळच्या यूएसबीत एका बाजूला संगणक असायचा, दुसऱ्या बाजूला माउस, कीबोर्ड, प्रिंटर. संगणक यजमान, बाकीचे पाहुणे. बोलणं यजमानाने सुरू करायचं, पाहुण्याने विचारल्यावरच उत्तर द्यायचं, आणि पाहुण्याला विजेचं जेवण यजमानानेच वाढायचं. ‘बोलणं कोण चालवणार?’ आणि ‘वीज कोण देणार?’ या दोन प्रश्नांचं उत्तर कायम एकच असायचं.

आता आपल्या बर्थवरच्या फोनकडे या. इअरफोनच्या अ‍ॅडॉप्टरशी बोलताना फोन यजमान आहे. गाणं त्याच्याकडे आहे, ते कधी आणि किती पाठवायचं हे तोच ठरवणार. पण त्याच वेळी चार्जिंगही हवंय, म्हणजे वीज त्याला घ्यायचीय. यजमानाने घरचा कारभार चालवायचा आणि पाहुण्याने डबा आणून यजमानाला जेवू घालायचं. जुन्या यूएसबीला हे मुळातच मंजूर नव्हतं. ही दोन उत्तरं एकमेकांपासून सोडवणं, हेच या चिमुकल्या अ‍ॅडॉप्टरचं खरं काम आहे आणि तिथेच सगळं अडतं.

ही सोडवणूक वाटाघाटीच्या त्या दोन पिनांवर होते. त्यांना सीसी म्हणतात. वीज देणारा या पिनेवरून अगदी किरकोळ करंट सोडतो, एका अँपिअरच्या दहा लाख भागांतले ८०, १८० किंवा ३३० भाग. वीज घेणारा त्याच पिनेवर ५,१०० ओहमचा रोध लावून बसलेला असतो. ८० भाग करंट त्या रोधातून गेला की सुमारे ०.४ व्होल्ट उमटतात, १८० ला सुमारे ०.९ आणि ३३० ला सुमारे १.७. फोन हा आकडा वाचतो आणि त्याला कळतं की समोरचा साधा चार्जर आहे, दीड अँपिअर देणारा आहे की तीन अँपिअर. मुठीत मावणाऱ्या दोन यंत्रांची ओळखपाळख होते ती इतक्या हलक्या खुणेवर. दोन सीसी पिनांपैकी केबलची सीसी तार एकीलाच लागते. ती कोणती, यावरून केबल सुलटी बसली की उलटी हेही कळतं.

सीसीवरचा रोध चुकीचा असला तर काय होतं, याचं उदाहरण सगळ्या जगाने पाहिलं आहे. गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग यांनी २०१५ च्या अखेरीस बाजारातल्या टाइप-सी केबली विकत घेऊन एकेक तपासायला आणि निकाल जाहीर करायला सुरुवात केली. जुन्या चपट्या यूएसबीकडून टाइप-सीकडे येणाऱ्या केबलीत वीज देणाऱ्याची खूण म्हणून ५६,००० ओहमचा रोध हवा. काही केबलींत १०,००० ओहमचा निघाला. तो फोनला सांगतो की बिनधास्त तीन अँपिअर ओढ, आणि मागचा बिचारा चार्जर तेवढं द्यायला बांधलेलाच नसतो. २०१६ च्या सुरुवातीला त्यांनी तपासलेल्या एका केबलीत तर विजेची आणि जमिनीची तारच उलटी जोडलेली होती. तिने त्यांचा तपासणीचा लॅपटॉप कामातून घालवला. तिळाएवढा तो रोध. पण त्याचा शब्द शेवटचा मानला जातो.

आता तो दोन तोंडांचा स्वस्त अ‍ॅडॉप्टर आत कसा असेल ते बघा. त्याच्या पोटात नुसत्या तारा एकमेकींना जोडलेल्या असल्या, तर चार्जर, फोन आणि इअरफोनचा भाग तिघेही एकाच तारेवर लटकतात. चार्जर म्हणतो, मी देणारा. फोन ते ओळखतो आणि घेणारा होतो. पण इअरफोनचा भागही घेणाराच आहे! घेणारे दोघे झाले, आणि बोलणं सुरू करणारा यजमान उरलाच नाही. फोन चार्ज होतो, इअरफोनच्या भागालाही वीज मिळते, पण त्याच्याशी कोणी बोलतच नाही. तो गप्प. शिवाय ५,१०० ओहमचे दोन रोध समांतर आले की दोघांचा मिळून २,५५० होतो. साध्या चार्जरच्या खुणेचे ०.४ व्होल्ट घसरून ०.२ वर येतात, आणि समोर वीज घेणारा आहे की दुसरंच काही, हे ठरवण्याची सीमारेषा नेमकी ०.२ वरच आहे. म्हणून हा अ‍ॅडॉप्टर एका फोनवर एक वागतो, दुसऱ्यावर दुसरं, आणि कधी पिन काढून पुन्हा घातली की तिसरंच.

यातून निघायला टाइप-सी आखणाऱ्यांनी दोन वाटा ठेवल्या होत्या. पहिली जुन्या जॅकच्या स्वभावाची. अ‍ॅडॉप्टरने दोन्ही सीसी पिना छोट्या रोधांनी जमिनीकडे ओढून धरायच्या. दोन्हीकडे अशी ओढ दिसली की फोनने समजायचं, हा इअरफोन आहे. मग फोन एक नवल करतो. एरवी डेटा वाहणाऱ्या डी-प्लस आणि डी-मायनस या तारांवरून तो डेटा काढून घेतो आणि त्यांवर सरळ आवाज सोडतो, एकीवर उजव्या कानाचा आणि दुसरीवर डाव्या कानाचा. जोडकामाच्या दोन पिनांपैकी एक माइकची होते, एक आवाजाच्या जमिनीची. अ‍ॅडॉप्टरमध्ये चिप लागत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो.

आणि चार्जिंग? त्याचीही मुभा आहे, पण फक्त अर्ध्या अँपिअरपर्यंत. का, ते उघड आहे. चार्जरची ताकद सांगायच्या दोन्ही पिना ‘मी इअरफोन आहे’ हे सांगण्यातच गुंतल्या. ताकद विचारायला जागाच उरली नाही, तेव्हा सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत सुरक्षित तेवढंच घ्यायचं. ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. आजच्या ५,००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास मावतात. फोन बंद ठेवला तरी या वेगाने ती भरायला आठ तासांच्या आसपास लागतील. स्क्रीन चालू, सिनेमा चालू, डेटा चालू असेल तर आलेली वीज तिथल्या तिथे खर्च होते. चार्जिंगची खूण दिसत असून टक्का हलत नाही, असं ज्यांना दिसतं त्यांनी चार्जरला दोष देण्याआधी हे गणित आठवावं. शिवाय ही वाट फोनवर बंधनकारक कधीच नव्हती, आणि अनेक फोनांत ती नाहीच. अशा फोनला बिनचिपचा अ‍ॅडॉप्टर लावला की काही वाजत नाही.

दुसरी वाट जास्त देखणी आहे. तिचं नाव पॉवर डिलिव्हरी, आपल्याकडच्या दुकानांत ‘पीडी’. इथे सीसीची तार नुसती खूण दाखवत नाही, बोलते. सेकंदाला सुमारे ३ लाख बिटांच्या वेगाने त्या एका तारेवर निरोप जातात-येतात. त्या निरोपांची लिपीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला व्होल्टेज उलटतं, आणि बिट ‘एक’ असेल तर मधेही एकदा उलटतं. सिनेमा आणि दूरदर्शनच्या संकलनात चित्र आणि आवाज जुळवायला ध्वनिपट्टीवर जो कालसंकेत नोंदवतात, त्याचीही लिपी हीच. स्टुडिओतली ती जुनी युक्ती आज चार्जरच्या तारेत नांदते आहे.

या वाटेवरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये वाटाघाटीची चिप असते. तो आधी चार्जरकडून काय काय मिळू शकतं याची यादी घेतो, ५ व्होल्टवर इतकं, ९ व्होल्टवर इतकं, आणि ती फोनपुढे ठेवतो. फोन त्यातलं एक मागतो. अ‍ॅडॉप्टर ‘मंजूर’ म्हणतो, वीज तयार झाल्यावर ‘झालं’ म्हणतो, आणि वीज वाहू लागते. या घडीला फोन घेणारा आहे आणि पाहुणाही आहे. मग अ‍ॅडॉप्टर आणखी एक निरोप धाडतो, बोलण्याची भूमिका बदलू या. वीज मीच देतो, कारभार तू घे. फोनने होकार दिला की तो वीज घेत असतानाच यजमान होतो. जुन्या यूएसबीने एकत्र बांधलेली दोन उत्तरं इथे सुटी होतात. हे सगळं आपण पिन घालून हात मागे घेईपर्यंत उरकलेलं असतं.

आणि नेमक्या याच होकारापाशी स्वस्त फोन अडतो. त्याला पीडी येतच नसेल तर बोलणं सुरू होत नाही. पीडी येत असली तरी भूमिका बदलायची विनंती मान्य करण्याची सोय फोनमध्ये असेलच असं नाही. समोरच्या प्रवाशाचा फोन ‘हो’ म्हणाला, तुमचा म्हणाला नाही, एवढाच फरक. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचं केलं, आणि १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्यांना पीडीही. तिथलं वळण इथल्या फोनांनाही लागेल, अशी मला आशा आहे.

जलद चार्जिंगचंही एक दुखणं इथे उघडं पडतं. क्वालकॉमची क्विक चार्जसारखी पद्धत वाटाघाटीसाठी सीसी न वापरता डी-प्लस आणि डी-मायनस वापरते. एकीवर ३.३ आणि दुसरीवर ०.६ व्होल्ट ठेवले की चार्जरला कळतं, ९ व्होल्ट दे. पण आपलं गाणं त्याच दोन तारांवरून चाललंय. एका तारेवर दोन भाषा एकदम बोलता येत नाहीत, म्हणून इअरफोन चालू असताना असा चार्जर बहुधा सावकाश चार्ज करतो. पीडीची वाट वेगळी असल्याने तिला ही अडचण नाही.

गाणं डेटाच्या त्या दोन तारांवरून जातं तरी कसं? ते ऐकलं की मला दरवेळी नव्याने नवल वाटतं. फोन यजमान झाला की आधी अ‍ॅडॉप्टरला विचारतो, तू कोण. तो सांगतो, मी आवाजाचं यंत्र. फोन त्याला १ ते १२७ मधला एक क्रमांक देतो आणि दर मिलिसेकंदाला एक पुडकं पाठवायला लागतो. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर प्रत्येक पुडक्यात ४८, दोन्ही कानांचे मिळून १९२ बाइट. पण सीडीच्या काळापासून चालत आलेली गाणी ४४,१०० नमुन्यांची आहेत आणि त्यांचे हजार समान भाग पडत नाहीत. मग नऊ पुडक्यांत ४४ नमुने घालायचे आणि दहाव्यात ४५. हिशेब पुरा. या पुडक्यांत एखादं वाटेत खराब झालं तर ते पुन्हा मागवलं जात नाही, कारण ते परत येईपर्यंत त्याची वेळ गेलेली असते. संगीताला मागे वळायची मुभा नाही.

पुडकी पोचतात ती डॅक नावाच्या चिपपाशी. आकड्यांचं व्होल्टेज करणारी ही चिप अ‍ॅडॉप्टरच्या त्या बोटाच्या पेराएवढ्या डबीत बसते. आकड्यांच्या पायऱ्यांतून ती सलग लाट घडवते, लाट इअरफोनच्या तारेच्या वेटोळ्यात जाते, चुंबकाजवळ वेटोळं थरथरतं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा हवा हलवतो. इथून पुढचं काम कानाचं.

आता त्या दहा हजार पटींच्या शेजारधर्माकडे येतो. ३२ ओहमच्या इअरफोनला एक मिलिवॅट देताना तारेवर सुमारे ०.१८ व्होल्ट असतात. चार्जिंगचे २ अँपिअर परत जाताना जमिनीच्या तारेत नुसता शंभरावा भाग ओहम रोध असला, तरी तिथे ०.०२ व्होल्ट उमटतात. आवाजाची जमीनही तीच तार असली तर हे ०.०२ गाण्यात मिसळणार, आणि गाण्याच्या हळुवार जागा त्याहून कितीतरी क्षीण असतात. करंट स्थिर असेल तर ऐकू येत नाही, पण चार्जिंगचा करंट स्थिर कधी नसतोच. चार्जर घरातली वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडून तिचे ५ व्होल्ट करतो. पूर्ण भारावर हा वेग कानाच्या पल्याड असतो. भार हलका झाला की अनेक चार्जर मधूनमधून काम करू लागतात आणि ती लय कानाच्या टप्प्यात येते. बारीक सूं-सूं किंवा टिकटिक ऐकू येते ती अशी. म्हणूनच आवाजाची जमीन वेगळ्या पिनेवर ठेवायची योजना होती. चिपवाल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये आवाज इअरफोनच्या अगदी तोंडाशी तयार होतो, त्यामुळे त्याला या खळखळीचा त्रास कमी होतो.

आणखी एक नेहमीचा अनुभव. गाणं चालू असताना चार्जर लावला किंवा काढला की गाणं अचानक थांबतं. चार्जर बदलला की त्या भोकापाशी देणारा-घेणारा पुन्हा ठरवावा लागतो आणि त्या क्षणी डॅकची वीज जाते. फोनला वाटतं इअरफोन निघाला. अँड्रॉइड लगेच गाण्याच्या अ‍ॅपला इशारा देतं, थांब, नाहीतर आवाज स्पीकरवर जाईल. भरल्या डब्यात अपरात्री तुमचं गाणं दणाणू नये म्हणून कोणीतरी केलेला हा विचार आहे. मला तो फार सभ्य वाटतो.

एका बाबतीत मात्र मी मनापासून सावध करतो. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि फोनची ५ व्होल्टची बाजू यांच्यात पक्का आडपडदा असतो. चार्जिंग करताना वायरचे इअरफोन घातले की तुमच्या कानापासून त्या आडपडद्यापर्यंत अखंड तांब्याची तार असते. चांगल्या चार्जरमध्ये दोन्ही बाजूंना जोडणारा एक छोटा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो. त्यातून फार तर पाव मिलिअँपिअर गळतो, आणि धातूच्या कडेला हात लागला तर मुंग्या आल्यासारखं होतं तेवढंच. निकृष्ट चार्जरमध्ये आडपडदाच कच्चा असतो, आणि तो फुटला तर भिंतीतली वीज कानापर्यंत यायला काही अडवत नाही. आपल्याकडे अशा चार्जरांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकाच्या चिन्हाजवळ ‘आर’ अक्षर आणि आठ आकडी क्रमांक छापलेला असतो. तो नसलेला चार्जर लावून इअरफोन कानात घालू नका, फोन कितीही स्वस्त किंवा महाग असो.

राहिला खरेदीचा प्रश्न. पुण्यातली तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तुमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं मोबाइलचं दुकान, बाहेरून सगळे अ‍ॅडॉप्टर सारखेच दिसतात. दुकानदाराला दोन गोष्टी विचारा, यात डॅक आहे का आणि चार्जिंग पीडीचं आहे का. दोन्हींना ‘हो’ असेल तरच पुढे जा. काही फोनांत सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी, म्हणजे फोनने यजमान होण्याची सोय, चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं. आवाज येत नसेल तर आधी तिथे बघा. तुमच्या फोनला भूमिका बदलणं येत नसेल, तर कितीही महागाचा अ‍ॅडॉप्टर आणला तरी उपयोग नाही. मग ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर घ्यावा. त्याला स्वतःचा जॅक असतो, इअरफोन त्यात लावायचे, आणि फोनचं भोक चार्जरला मोकळं राहतं.

आणि दुकानात जाताना तुमचा फोन, तुमचा चार्जर, तुमचे इअरफोन, तिन्ही बरोबर न्या. तिथेच जोडा, गाणं लावा, पाच मिनिटं थांबा. आवाज चालू असताना बॅटरीचा टक्का वर सरकला तरच पैसे द्या.